एकगोळीचा नेम

१

त्या सकाळी गोळीबाराच्या मैदानावर जे घडलं त्याला कुणी गुन्हा म्हटलं नाही. कुणी मेलं नव्हतं, काही चोरीला गेलं नव्हतं. पलटणीतल्या सर्वांत तरबेज नेमबाजाला सुभेदारीच्या परीक्षेत कागदी लक्ष्यावर धड गोळी लावता आली नाही, एवढंच. सलग तिसऱ्या वर्षी. आणि कुंपणापाशी उभे असलेले जवान पोट धरून हसले.

हा नेमबाज म्हणजे एक हवालदार. एरवी त्याला दुसऱ्या गोळीची गरज पडत नसे, म्हणून सगळी पलटण त्याला एकगोळी म्हणायची. आता त्याच नावाची थट्टा झाली होती. "एकगोळी, अरे एक तरी लाव!" असं कँटीनमधली पोरं त्याच्या तोंडावर म्हणत, आणि तो मान खाली घालून चहा पीत असे.

चौथ्या दिवशी त्याची बायको वकीलबाईंच्या दारात उभी राहिली.

वकीलबाईंनी सगळी हयात लष्कराच्या कायदा खात्यात काढली होती. निवृत्त होऊन गुडघे धरून बसल्या होत्या, पण जीभ अजून नोकरीत होती. समोरचा रडायला लागला की त्यांना चीड यायची. ही बाई रडत नव्हती, म्हणून त्यांनी तिला आत घेतलं.

"बोल. आणि पाल्हाळ नको."

"फेरपरीक्षेची एक संधी आहे, बाई. ती गेली की वय संपलं, हवालदार म्हणूनच घरी. इतकी वर्षं झिजले त्याचं काहीच नाही. लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण ते स्वतः आता घरात मान वर करत नाहीत. तेवढं माझ्यानं बघवत नाही."

"परीक्षा म्हटली की काही जणांचे हात कापतात."

"यांचे नाही कापत. आदल्या दिवशी सरावात सगळ्या मधोमध. परीक्षेच्या संध्याकाळी पुन्हा सगळ्या मधोमध. फक्त परीक्षेतच जातं."

"घरी काही बिनसलंय? झोप, दारू, भांडण?"

"काही नाही. परीक्षेआधी आठवडाभर आरशासमोर उभं राहून काहीतरी पुटपुटतात, तेवढंच. मी गेले की गप्प होतात. दाढीचा साबण वाळून जातो तोंडावर."

"आणि तब्येत?"

"ठणठणीत. घाटातल्या चौकीला आग लागली होती ना, त्या लढाईत उजव्या खांद्याला मागून लागलं होतं. ते भरलंय. लेकीला मात्र त्या खांद्यावर बसू देत नाही मी. तिचा पाय लागला की यांच्या हातातली वाटी सुटते." ती थांबली. "मागून लागलं म्हणून त्यावरही बोलतात लोक. म्हणे पळत होता."

मग तिनं पिशवीतून घडी केलेले तीन मोठे कागद काढले. परीक्षेत तीन फैरी असतात, प्रत्येक फैरीला नवं लक्ष्य. परीक्षा झाली की ते कागद कचऱ्यात जातात. यंदा मात्र कुणा टवाळाने ते कचऱ्यातून उचलून हवालदाराच्या दारावर चिकटवले होते, क्रमानं, वर "शाब्बास" असं लिहून.

वकीलबाईंनी चष्मा लावला. पहिल्या कागदावर गोळ्या कुठल्या कुठे गेल्या होत्या. दुसऱ्यावर त्या मधल्या वर्तुळाकडे सरकल्या होत्या. तिसऱ्यावर सगळ्या भोकांचं मिळून एकच भोक झालं होतं, मधोमध.

बाईंनी ते कागद तीनदा पाहिले आणि चष्मा काढला.

"तुझा नवरा चुकत नाहीये," त्या म्हणाल्या. "त्याला चुकवलं जातंय."

२

परीक्षा घेणारा मेजर पलटणीतला सर्वांत उर्मट माणूस होता, आणि त्याला त्याचा अभिमान होता. वकीलबाईंना त्यानं बसायलाही सांगितलं नाही. बाई आपणहून बसल्या.

"एकगोळीची वकिली घेतलीत? छान. दुसरं काही काम नसेल हल्ली."

"तुम्हाला तो आवडत नाही, असं ऐकलं."

"आवडत नाही? अहो, डोळ्यांसमोर नको वाटतो. तपासणीला जनरल आले होते. आमच्या कोठारात घोंगड्या कमी होत्या, म्हणून शेजारच्या पलटणीकडून उसन्या आणून रचल्या. सगळेच तसं करतात. जनरलनं सहज या गाढवाला विचारलं, घोंगड्या पुरतात का? हा म्हणाला, पुरत नाहीत साहेब, या उसन्या आहेत, उद्या परत जातील." मेजरनं टेबलावर हात आपटला. "चारचौघांत माझी चामडी सोलली त्या जनरलनं. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. तो आजारच आहे."

"म्हणजे तुम्हाला त्याला पाडायला कारण आहे."

"भरपूर. पण पाडायचं असतं तर मी सरळ पाडलं असतं, आणि वर तोंडावर सांगितलं असतं." हे मात्र बाईंना पटलं. "तुम्हाला वाटत असेल रायफलीत काही केलं. त्याची परीक्षा झाल्यावर त्याच रायफलीनं, त्याच पेटीतल्या गोळ्यांनी मी स्वतः मारून पाहिलं. पहिलीच मधोमध."

"का मारून पाहिलंत?"

मेजर जरा अडखळला. "कारण मलाही खरं वाटलं नाही," तो म्हणाला, आणि असं कबूल करावं लागलं म्हणून आणखी चिडला. "पण तो पडला ते बरंच झालं. तुम्हाला आमच्या मेसमधल्या पहिल्या जेवणाचा रिवाज माहीत असेलच."

"विसरले. सांगा."

"नवा सुभेदार पहिल्यांदा मेसमध्ये जेवायला बसतो त्या दुपारी पलटणीचे कमांडर, म्हणजे आमचे कर्नलसाहेब, उभे राहून त्याला विचारतात, ही जागा कुठे कमावलीस? त्यानं आपल्या नोकरीतला सर्वांत कठीण दिवस सांगायचा. तिथे शपथ नसते, पण खोटं बोललेला माणूस त्या टेबलावर पुन्हा बसू शकत नाही. आमच्या आजोबांच्या काळापासून चालत आलंय. उत्तर ऐकून पहिला पेला कमांडरनं उचलायचा, मग बाकीच्यांनी." मेजर खिडकीकडे वळला. "एरवी लोक मीठमसाला लावून काहीतरी सांगतात आणि जेवण सुरू होतं. पण हा उभा राहील, आणि जे घडलं तेच सांगेल. आता तुम्हीच विचार करा, बाई, या पलटणीत कुणाकुणाला ते परवडेल."

३

शस्त्रागाराचा जमादार किल्ल्यांच्या जुडग्यासारखा माणूस होता. हलला की खुळखुळायचा आणि उघडायचा मात्र नाही. त्याचा मेहुणाही हवालदार होता आणि सुभेदारीच्या रांगेत एकगोळीच्या लगेच मागे उभा होता, ही गोष्ट वकीलबाई येण्यापूर्वीच ऐकून आल्या होत्या.

"परीक्षेच्या सकाळी त्याला चहा कोण देतं?" त्यांनी विचारलं.

जुडगा खुळखुळला. "मीच. सगळ्यांनाच देतो. थंडी असते मैदानावर."

"आणि त्यात काय घालता?"

"साखर," जमादार म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. "बाई, मेहुण्याचं कुणी सांगितलं ना तुम्हाला? लेकराबाळांची शपथ घेतो. मागल्या वर्षी एकगोळीचं पोट बिघडलं होतं. त्यानं चहाला हातसुद्धा लावला नव्हता. तरी पडलाच की."

हे खरं होतं. हवालदाराच्या बायकोनंही तेच सांगितलं होतं. शिवाय बाईंनी मनाशी दुसराही हिशोब केला होता. चहात घातलेलं औषध चढायला वेळ लागतो आणि उतरायला त्याहून जास्त. कागद तर उलटंच सांगत होते. पहिल्या फैरीला हात गेलेला, तिसऱ्या फैरीला हात जाग्यावर. म्हणजे जे काही झालं ते ऐन वेळी झालं, आणि चहाचा कप गार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात उतरलं. रायफल बिघडलेली असती तर शेवटपर्यंत बिघडलेलीच राहिली असती. भीती असती तर पहिल्या फजितीनंतर वाढली असती.

"चहानंतर काय होतं? एकेक सांगा, वगळू नका."

"मी रायफल कुलपातून काढतो. मेजरसाहेब तपासतात. मग कर्नलसाहेब आपल्या हातानं उमेदवाराला देतात. जुनी पद्धत आहे. त्यानं आडवी धरून घ्यायची, मग साहेब बाजूला होतात, मेजरसाहेब शिट्टी वाजवतात."

"एकगोळीच्या वेळीही असंच?"

"त्याचं जास्त लाडानं." जमादाराच्या आवाजात वर्षानुवर्षांची जळजळ होती. "आमच्या मेहुण्याला नुसती रायफल मिळते. याला 'शाब्बास माझ्या वाघा' पण मिळतं, थाप पण मिळते. जीव आहे साहेबांचा त्याच्यावर. घाटात साहेबांनीच याला वाचवलं म्हणतात. जळत्या चौकीतून ओढून काढलं. त्याचंच तर पदक आहे साहेबांच्या छातीवर."

"ओढून काढलं म्हणता," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि कर्नलना कुठे लागलं होतं त्या दिवशी?"

"कुठेच नाही, बाई. नशीब बघा."

बाईंनी हवालदाराची जखम आठवली. उजवा खांदा, मागून. पाठीवर जखम दोन तऱ्हेच्या माणसांना होते. पळणाऱ्याला, आणि दुसऱ्याच्या अंगावर पालथं पडून त्याला झाकणाऱ्याला.

४

कर्नलचं ऑफिस उबदार होतं आणि कर्नल त्याहून उबदार. त्यानं बाईंना हात धरून खुर्चीत बसवलं, गुडघ्यांची चौकशी केली, उशी मागवली. छातीवरच्या पट्ट्यांमध्ये घाटाचं पदक होतं.

"बाई, तुम्ही आलात फार बरं झालं. माझं काळीज तुटतं हो त्या पोरासाठी. दरवर्षी मीच त्याचं नाव वर पाठवतो. माझ्या हातात असतं तर परीक्षेशिवाय सुभेदार केला असता. पण नियम आहे."

"फेरपरीक्षेला तुमची सही लागते."

"आत्ता देतो." त्यानं घंटी वाजवली. "एकगोळीला बोलवा."

हवालदार आत आला आणि ताठ उभा राहिला. दार खोलीच्या एका कोपऱ्यात होतं, त्यामुळे त्याची उजवी बाजू टेबलाकडे आली. रुंद हाडाचा, पिकू लागलेल्या मिशांचा माणूस. कर्नलकडे पाहताना त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा उजळला, आणि ते पाहून बाईंना कसंसंच झालं.

"वाघा, फेरपरीक्षा मिळाली तुला! मी स्वतः रायफल द्यायला येणार." कर्नल टेबलामागून उठला. हवालदाराचा उजवा खांदा त्याच्या हाताच्या अंतरावर होता. पण त्यानं तिथे हात टाकला नाही. तो हवालदाराच्या समोरून वळसा घालून पलीकडे गेला, आणि त्याच्या डाव्या खांद्यावर दोन प्रेमळ थापा दिल्या.

"नेहमी अशीच थाप देतात तुम्हाला साहेब?" बाईंनी हसत विचारलं.

"रोजची आहे, बाई," हवालदार लाजून म्हणाला. "साहेबांचा हात लागला की बरं वाटतं."

कर्नलही हसला. त्यानं सही केली, बाईंना जिन्यापर्यंत सोडायला आला, वर पुन्हा गुडघ्यांना जपा म्हणाला. तो परत गेल्यावर वकीलबाई जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या. येणारेजाणारे जवान बघत होते, तरी त्या उठल्या नाहीत. जो माणूस रोज वळसा घालून उजवा खांदा टाळतो, त्याला त्या खांद्यात काय आहे ते माहीत असतं. मग परीक्षेच्या दिवशी त्याचा हात कुठल्या खांद्यावर पडतो, एवढंच जमादाराला विचारायचं राहिलं होतं.

त्या तशाच पाय ओढत शस्त्रागाराकडे गेल्या. जमादारानं क्षणभर विचार केला, स्वतःच्या अंगावर हात फिरवून आठवून पाहिलं.

"उजव्या, बाई. रायफल दिल्यावर साहेब मागे जातात त्याच्या. आणि मागून देतात. चांगली सणसणीत."

५

हवालदाराचं घर म्हणजे दोन खोल्या. लेक आतल्या खोलीत पाढे म्हणत होती. वकीलबाईंनी सगळं सांगितलं आणि हवालदाराचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुम्ही पाहुण्या आहात म्हणून ऐकून घेतलं," तो म्हणाला. "साहेबांबद्दल असं दुसरं कुणी बोललं असतं तर दात पाडले असते."

"माझे कवळीचे आहेत. पाडा खुशाल, पण आधी उत्तर द्या. खांद्यात लोखंडाचा तुकडा राहिलाय. बरोबर?"

त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "हो. डॉक्टरांना सांगितलं नाही. घरी बसवलं असतं."

"तिथे दाब पडला की हात बधिर होतो. थोड्या वेळानं येतो जाग्यावर."

"हो."

"हे कुणाला माहीत आहे? तुम्ही, ही, आणि?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. आतले पाढे थांबले.

"आणि साहेब," बायको म्हणाली. तिचा आवाज थंड होता. "घाटातून परत येताना ट्रकमध्ये साहेबांनी टेकायला यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि यांची रायफल खाली पडली. यांनीच मला सांगितलंय."

"परीक्षेत शिट्टी वाजते तेव्हा तुमच्या हाताला मुंग्या आलेल्या असतात," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं. तुम्हाला कळलं नाही असं मी मानत नाही, हवालदार. तुम्ही कळून घेतलं नाहीत."

"पण ते का करतील असं?" तो जवळजवळ ओरडला.

"कारण सुभेदार झालात की त्या टेबलावर तुम्हाला प्रश्न विचारला जाईल. घाटात कोण कुणाच्या अंगावर..."

"विचारू नका!" हवालदार उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि गोळीबारातून गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत ती पाहवत नव्हती. "बाई, पाया पडतो. ते विचारू नका. विचारलंत तर मला सांगावं लागेल."

वकीलबाईंनी विचारलं नाही. त्यांना उत्तर मिळालं होतं.

मग हवालदारच शांतपणे म्हणाला, "तुमचा गैरसमज मी काढतो. परीक्षेच्या वेळी मी साहेबांना सगळ्यांसमोर सांगेन, खांदा दुखतोय म्हणून. ते खोटं नाही, रोजच दुखतो. मग ते हात लावणार नाहीत. तुमच्या डोळ्यांनी बघा, आणि नंतर त्यांची मनातल्या मनात माफी मागा."

"आणि हात लावला तर?"

"लावणार नाहीत."

"लावला तर, हवालदार?"

बाईंनी काठी जमिनीवर आपटली. "माझी एक अट. परीक्षेपर्यंत रोज डाव्या खांद्याला रायफल लावून सराव करायचा. माझी समजूत म्हणून करा."

"तुमची समजूत म्हणून करतो," तो म्हणाला. "पण उपयोग होणार नाही त्याचा."

६

मैदानावर धुकं होतं. कुंपणापाशी नेहमीची टवाळ मंडळी जमली होती. वकीलबाईंना खुर्ची दिली होती, बायको त्यांच्या मागे उभी होती. बाई मनात आणत्या तर त्या घटकेलाही कर्नलला काहीतरी विचारत बाजूला घेऊन जाऊ शकल्या असत्या. थाप पडली नसती, हवालदार पास झाला असता आणि उरलेलं आयुष्य साहेबांवर माया करत सुखात जगला असता. हे त्यांच्या मनात आलं. पण कर्नल हात लावतो का, याचं त्यांना उत्तर हवं होतं, आणि त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

जमादारानं रायफल आणली. मेजरनं तपासली. कर्नलनं ती दोन्ही हातांवर घेऊन हवालदारासमोर धरली.

"साहेब," हवालदार म्हणाला. तो सगळ्यांना ऐकू जाईल इतकं स्पष्ट बोलत होता. "उजवा खांदा दुखतोय आज. जुनी जागा आहे. हात लागला तर नेम धरता येणार नाही."

मेजरनं मान वर केली. कुंपणापाशी कुणीतरी खिदळलं, "झाली रडारड सुरू!"

कर्नलच्या चेहऱ्यावर कणव दाटून आली. "अरे, एवढंच ना! आधी नाही का सांगायचं मला?" त्यानं रायफल दिली. कर्नल हवालदाराच्या मागे गेला, क्षणभर थांबला. हवालदार समोर बघत होता आणि त्याच्या ओठांवर बारीकसं हसू होतं. साहेब मागे उभे आहेत, आणि हात लावत नाहीत, याचं ते हसू होतं.

"शाब्बास माझ्या वाघा!" कर्नल म्हणाला, आणि तळहात उजव्या खांद्यावर, मागच्या बाजूला, जोरानं हाणला.

हवालदाराचं हसू गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, विसरल्यासारखं. त्याचा उजवा हात कोपरापासून लोंबला आणि रायफलीचा दस्ता चिखलात टेकला. कुंपणापाशी हशा पिकला. त्यानं मागे वळून कर्नलकडे पाहिलं. फार वेळ नाही, ओळख पटवायला लागतो तेवढाच वेळ.

मेजरनं शिट्टी तोंडात घेतली, पण वाजवली नाही. तो कर्नलच्या हाताकडे बघत होता.

हवालदारानं रायफल डाव्या हातानं उचलली. डाव्या खांद्याला लावली. चाप ओढायला डावं बोट होतं, पुढून आधाराला त्यानं मेलेला उजवा हात नुसता खाली सारला.

"हे चालणार नाही," कर्नल म्हणाला. त्याच्या आवाजातली ऊब गेली होती. "मेजर, थांबवा त्याला. डाव्या खांद्यानं परीक्षा होत नसते."

मेजरनं शिट्टी तोंडातून काढली. "नियमात खांदा कुठला ते लिहिलेलं नाही, सर," तो म्हणाला, आणि कर्नलच्या डोळ्यांत बघत त्यानं शिट्टी वाजवली.

पहिली फैर मधोमध. दुसरी मधोमध. तिसऱ्या फैरीपर्यंत कुंपणापाशी कुणी हसत नव्हतं.

बायको धावत पुढे गेली. वकीलबाई काठी टेकत पोचल्या तेव्हा हवालदार गवतात बसला होता आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होता.

"तुमचं बरोबर होतं, बाई," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, बायकोकडे न बघता, "आरशासमोर काय पुटपुटतो, विचारायचीस ना? त्या जेवणाची तयारी करत होतो. 'साहेबांनी मला आगीतून ओढून काढलं.' एवढं एकच वाक्य. जिभेवर बसेना, म्हणून तीन वर्षं घोकत होतो. यंदा बसलं होतं गं. अगदी खऱ्यासारखं जमलं होतं."



७

मेसमधलं टेबल लांबलचक होतं आणि पांढरा कपडा पार जमिनीपर्यंत आला होता. खिडक्यांतून दुपारचं ऊन थेट पेल्यांवर पडत होतं. नव्या सुभेदाराला कर्नलच्या समोर बसवलं होतं. वकीलबाईंना जुन्या अधिकारी म्हणून बोलावणं होतं. मेजर त्यांच्या शेजारी बसला होता आणि आज त्यानं आधी त्यांची खुर्ची ओढून दिली होती.

सूप आलं, गार व्हायला लागलं. रिवाजाप्रमाणे प्रश्नाआधी कुणी चमचा उचलत नाही. कर्नल बसूनच राहिला. मिनिटभर तो टेबलाचा कपडा सारखा करत होता. शेवटी त्याला उठावंच लागलं.

"ही जागा," तो म्हणाला आणि खाकरला. "ही जागा कुठे कमावलीस?"

सुभेदार उभा राहिला. अजूनही ते एक वाक्य त्याच्या जिभेवर होतं. कर्नलला ते ठाऊक नव्हतं. वकीलबाईंना ठाऊक होतं, आणि त्या त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"घाटातल्या चौकीत, साहेब. आग लागली तेव्हा तुम्ही चरात बसला होता. तुम्ही रडत होता आणि उठत नव्हता. मी तुमच्या अंगावर पडून राहिलो तेव्हा मला लागलं. मग मी तुम्हाला ओढून बाहेर काढलं. वाटेत तुम्ही म्हणालात, कुणाला सांगू नकोस. मी सांगितलं नाही." तो थांबला, काही राहिलं का ते आठवत असल्यासारखा. "आज विचारलंत म्हणून सांगितलं."

आणि तो खाली बसला.

बावर्ची दारात भांडं धरून तसाच उभा होता. उत्तर खोटं आहे असं म्हणायचा हक्क टेबलावर प्रत्येकाला होता. पण ही पलटण घोंगड्यांची गोष्ट विसरली नव्हती, मैदानावरची थापही विसरली नव्हती. सगळे कर्नलकडे बघत होते, कारण पहिला पेला त्यानं उचलायचा होता. तो उचलेपर्यंत जेवण सुरू होणार नव्हतं, आणि कुणालाही घाई नव्हती.

"सर," मेजर म्हणाला. "सूप गार होतंय."

कर्नलनं पेला उचलला. तो ओठांपर्यंत जाईतो पांढऱ्या कपड्यावर डाग पडत गेले. तो प्यायला. मग बाकीचे प्यायले, सुभेदाराच्या नावानं, एका सुरात. आणि मग सगळे जेवायला लागले, ते त्या प्रसंगात सर्वांत भयंकर होतं. कर्नलशी कुणी बोललं नाही, पण त्यानं मीठ मागितल्यावर मीठ दिलं.

जेवण आटोपल्यावर वकीलबाई पायऱ्यांवर सुभेदाराची वाट बघत थांबल्या. तो बाहेर आला. खांद्यावर नव्या पट्ट्या होत्या. फाटकाबाहेर त्याची बायको लेकीला घेऊन उभी होती आणि लेक हात हलवत होती.

बाईंना त्याच्याशी फार काही बोलायचं नव्हतं. जिंकलात, एवढंच म्हणायचं होतं. माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं. हात पुढे केला, त्याच्या डाव्या, चांगल्या खांद्यावर ठेवायला.

सुभेदार एक पायरी मागे सरला. त्यानं ते मुद्दाम केलं नव्हतं, त्याच्याही ध्यानात ते नंतर आलं.

"माफ करा, बाई," तो म्हणाला. "खांद्यावर कुणाचा हात घ्यायची सवय गेली."

बाईंचा हात थोडा वेळ हवेत राहिला. मग त्यांनी तो काठीवर ठेवला. खाली फाटकातून लेक धावत आली, नेहमीसारखी बापाच्या अंगावर झेप घ्यायला, आणि वकीलबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं. ती पोचल्यावर तो काय करतो ते त्यांना बघायचं नव्हतं.